नक्कल आणि वळण
"तुझा हात अगदी सरांसारखा आहे," असं माझी चित्रं बघून कुणी म्हटलं की पूर्वी मी हरखून जायचो. सर म्हणजे माझे चित्रकलेचे गुरू. आता विचारतो, हे सारखेपण नक्कल आहे की वळण? लांबून दोन्ही एकच दिसतात.

वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आम्ही जलरंग घेऊन बसायचो. सर पायऱ्यांच्या बुडाशी एक गडद निळा फटकारा मारत आणि अख्खं चित्र जागेवर बसे. मीही मारला. घरी येऊन मोबाइलमधला फोटो पाहिला, तर तिथे लख्ख ऊन! सावलीचा पत्ताच नाही. ही नक्कल. गणित न वाचता शेजाऱ्याचं उत्तर उतरवलेलं.

वळण कळायला वर्षं गेली. ब्रश उचलण्याआधी सर डोळे किलकिले करून बराच वेळ नुसते बघत बसत. तेव्हा आम्हाला ती ऐट वाटायची. पुढे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ढिगासमोर बसलो. पिवळ्यावर पिवळं, हमालाच्या सदऱ्यावरही पूड. काही सुटं दिसेना. नकळत डोळे बारीक झाले आणि ढिगाची सावली, जी मी तपकिरी धरून चाललो होतो, ती जांभळट दिसली. सरांनी हळद कधी रंगवलीच नव्हती.

डच चित्रकार व्हॅन गॉगकडे तर दोन्ही सापडतात. 1887 मध्ये पॅरिसला त्यानं जपानी चित्रकार हिरोशिगेचं आलुबुखाराच्या बागेचं चित्र चौकटी आखून उतरवलं, कडेला जपानी अक्षरंसुद्धा काढली. पुढच्याच वर्षी दक्षिण फ्रान्समधल्या आर्लमध्ये त्यानं पेरणी करणारा शेतकरी रंगवला. त्यात जपान कुठेच नाही. पण समोरून तिरकं कापत जाणारं झाडाचं खोड बघा, ते त्याच बागेतून आलंय. (शेतकऱ्याची ढब फ्रेंच चित्रकार मिलेची, हे वेगळंच.)

म्हणून नक्कल करूच नये असं मी म्हणणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात रवि वर्म्याच्या अस्सल चित्रांसोबत युरोपीय चित्रांच्या प्रतीही आहेत, आणि ते उभारणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. प्रत करून हात बसतो. फक्त प्रतीला प्रत म्हणावं.

मेणवलीचा तो कागद अजून ठेवलाय. शिकायला येणाऱ्या पोरांना मी त्यातला निळा फटकारा दाखवतो. खाली सही मात्र माझी आहे, तीही ठसठशीत.