फुलवाला, लग्नकार्यातील (बडोदे)

लग्नकार्यासाठी हार, मुंडावळ्या, गजरे, सुटी फुले, पालवी आणि मंडपाची सजावट पुरवणारा व्यावसायिक. प्रस्तुत नोंदीत बडोद्यातील मराठी कुटुंबांच्या संदर्भात त्याच्या निवडीचा विचार केला आहे. विधींची फुले पुरवणारा हारवाला आणि मंडप सजवणारा डेकोरेशनवाला हे पूर्वी सहसा वेगळे असत. आता दोन्ही कामे एकाकडेच सोपवली जातात. त्यात सोय आहे. पण व्यासपीठाच्या झगमगाटापुढे विधींची फुले दुय्यम ठरतात, हे या पद्धतीचे खरे नुकसान होय.

शहरातील फुलांच्या व्यापाराचे जुने ठिकाण म्हणजे खंडेराव मार्केटचा परिसर. ही इमारत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतील मराठी घरांना हा बाजार हाकेच्या अंतरावर आहे. येथील व्यवहार गुजरातीत चालतो. झेंडूला ‘गलगोटा’ म्हणतात, आणि तोरण सांगितले की आसोपालवाचे मिळते. आंब्याच्या पानांचे हवे असल्यास तसे आधीच स्पष्ट सांगावे लागते.

निवडीची खरी कसोटी मुहूर्ताशी निगडित आहे. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे मिटलेल्या असताना तोडतात. त्या संध्याकाळी उमलतात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तपकिरी पडू लागतात. गोरज मुहूर्ताला त्याच पहाटेच्या कळ्यांचा गजरा ऐन भरात असतो. सकाळी आठच्या मुहूर्ताला मात्र त्या दिवशीची तोड बाजारातून गुंफून मांडवात पोहोचणे अवघड, आणि आदल्या दिवशीची फुले उतरलेली. अशा वेळी निशिगंध किंवा शेवंती सुचवणारा फुलवाला जाणकार समजावा. दर सांगण्याआधी मुहूर्त विचारणारा फुलवाला, इतर बाबी समान असल्यास, केव्हाही अधिक विश्वासाचा.

ऋतूचेही तसेच आहे. मोगऱ्याचा मुख्य बहर चैत्र ते आषाढ असतो, तर तुळशीच्या लग्नानंतरच्या हंगामात शेवंती आणि पुढे कुंद मिळतो. मुंडावळ्या गौरीहरापासून लाजाहोमापर्यंत कपाळावर राहतात आणि होमाच्या धगीने फुले कोमेजतात. म्हणून अनेक घरांत मोत्यांच्या वापरतात. फुलांच्याच हव्या असल्यास दोन जोड सांगणे शहाणपणाचे. गजरा सुईने ओवलेला की दोऱ्याच्या गाठींनी गुंफलेला, हेही पाहावे. ओवताना सुई फुलाच्या नळीतून जाते व ते लवकर सुकते. गुंफलेला अधिक टिकतो, पण त्याला वेळ आणि सराईत हात लागतो.

झेंडूचा प्रश्न : ‘सर्व फुले परंपरागतच हवीत’ असा आग्रह धरणारी कुटुंबे झेंडू गृहीत धरतात, ऑर्किड व जरबेरा वगळतात. या भेदाचा ऐतिहासिक आधार तपासण्यासारखा आहे. झेंडूच्या लागवडीतील दोन्ही प्रमुख जाती, टॅजेटिस इरेक्टा आणि टॅजेटिस पॅट्युला, मूळच्या मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहेत. पहिलीला ‘आफ्रिकन’ व दुसरीला ‘फ्रेंच’ म्हणण्याचा प्रघात आहे, पण ती नावे प्रसाराच्या वाटा सांगतात, मूळ स्थान नव्हे. जर्मन वनस्पतिज्ञ लेओनहार्ट फुक्स यांच्या १५४२ च्या ग्रंथात या वंशातील फुलाचे चित्र ‘भारतीय’ अशा अर्थाच्या नावाने आले आहे. मात्र त्या काळच्या युरोपात ‘इंडिया’ ही संज्ञा अमेरिकेलाही लावत असल्याने त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. कोलंबसपूर्व काळातही झेंडू भारतात होता, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. त्यासाठी संस्कृत नावांचा व शिल्पांतील फुलांचा दाखला दिला जातो. परंतु जुन्या वर्णनातील पिवळे, दाट पाकळ्यांचे फूल झेंडूच होते की त्याच कुळातील दुसरे, हे केवळ नावावरून ठरत नाही, आणि दगडात कोरलेल्या फुलाची जात ओळखणे तर त्याहून कठीण. पोर्तुगिजांमार्फत, बहुधा सोळाव्या शतकात, तो येथे आला हे मत अधिक ग्राह्य वाटते. गायकवाडांचा बडोद्यावरील अंमल साधारणपणे १७३४ पासून स्थिरावला असे मानतात. तेव्हा येथे मराठी वस्ती रुजू लागली त्या वेळी झेंडू भारतीयांच्या अंगणात निदान शतकभर तरी रुळलेला असावा. निशिगंधही मेक्सिकोचाच. त्याच्या एकेरी पाकळ्यांच्या वाणाची सुटी फुले हारांना वापरतात, दुहेरी वाणाच्या दांड्या फुलदाणीत शोभतात. तेव्हा हारवाल्याने कोणता वाण आणला आहे ते पाहून घ्यावे.

सजावटीची फुले : डच गुलाब, कार्नेशन, जरबेरा ही मुख्यतः हरितगृहातील फुले. गुलाब वीस दांड्यांच्या जुडीने विकले जातात. मे महिन्यात बडोद्याचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उघड्या मांडवात ही फुले दुपारीच मान टाकतात. कार्नेशन पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने झपाट्याने कोमेजते. आंब्याच्या पेट्या व फुलांच्या बादल्या एकाच खोलीत ठेवू नयेत, ही सूचना कार्यालयातल्या गडबडीत हमखास विसरली जाते.

इसार देण्यापूर्वी फुलांची जात, हारांची लांबी, सुट्या फुलांचे वजन आणि पोहोचवण्याची वेळ लिहून घ्यावी. ठरलेले फूल न मिळाल्यास बदली कोणते, हेही त्यातच यावे. लग्नसराईत दर चढतात. बदली फुलाचा दर आधी ठरलेला नसेल तर वाद तिथेच होतो.

गुरुजींची याद फुलवाल्याला जशीच्या तशी दाखवणे आवश्यक आहे, कारण देवकाची पालवी नेहमीच्या हिशेबात धरलेली नसते. ब्राह्मण घरांत वड, पिंपळ, उंबर, आंबा व पायर अशी पंचपल्लवे लागतात. मराठा घराण्यांत देवक कुळाप्रमाणे बदलते. कोठे कळंब, कोठे रुई, कोठे पंचपल्लवच. आंबा, वड सहज मिळतात. पायर व कळंब यांसाठी फुलवाल्याला निदान दोन दिवस आधी सांगावे.