मनिला गॅलियन व्यापार

फिलिपीन्समधील मनिला आणि मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील आकापुल्को या बंदरांदरम्यान १५६५ ते १८१५ या काळात स्पॅनिश राजसत्तेच्या नियंत्रणाखाली चाललेला सागरी व्यापार. गॅलियन या मोठ्या शिडाच्या जहाजांवरून त्यास हे नाव पडले. आशिया आणि अमेरिका यांच्यात नियमित दळणवळण प्रथम याच मार्गाने सुरू झाले.

मॅगेलनची मोहीम १५२१ मध्ये फिलिपीन्सला पोहोचली होती. परंतु पूर्वेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांविरुद्ध अमेरिकेकडे परतणे त्यानंतर चार दशके एकाही स्पॅनिश जहाजाला साधले नाही. फिलिपीन्सच्या वसाहतीसाठी मेक्सिकोहून निघालेल्या स्पॅनिश सेनानी लेगास्पीच्या मोहिमेतील आंद्रेस दे उर्दानेता या ऑगस्टिनियन धर्मगुरूने १५६५ मध्ये सेबूहून थेट पूर्वेकडे न जाता जहाज जपानच्या अक्षांशांपर्यंत उत्तरेला नेले, तेथील कुरोशिओ या उबदार सागरी प्रवाहाचा आणि पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांचा आधार घेतला आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याने दक्षिणेस उतरून आकापुल्को गाठले. त्याच मोहिमेतील ‘सान लुकास’ हे लहान जहाज त्याआधीच मेक्सिकोला परतले होते, तरी पुढील अडीचशे वर्षे खलाशांना उपयोगी पडला तो उर्दानेताने आखलेला मार्गच.

मनिलाची स्पॅनिश वसाहत १५७१ मध्ये स्थापन झाली आणि चिनी व्यापारी तेथे रेशीम, चिनी मातीची भांडी व इतर माल आणू लागले. भारतीय सुती कापडही या व्यापारात होते. मोबदल्यात युरोपीय मालाला फारशी मागणी नव्हती, मागणी होती ती चांदीला. मिंगकालीन चीनमध्ये करांची वसुली वाढत्या प्रमाणात चांदीत होत असल्याने सोन्याच्या तुलनेत तिचे मोल युरोपातील मोलाच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणून हा व्यापार केवळ युरोपीयांच्या धाडसाचे फळ मानणे योग्य नाही. त्याचा खरा चालक चीनची बाजारपेठ होती. मेक्सिकोतील झाकातेकास आणि आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील खाणींतून ही चांदी येत असे. पोतोसीत मूळ रहिवाशांना ‘मिता’ पद्धतीने सक्तीने राबवले जाई, तर मनिलाजवळील काविते येथे जहाजबांधणी आणि लाकूडतोडीसाठी फिलिपिनो वेठबिगारांना जुंपले जाई.

अमेरिकेशी व्यापार करणाऱ्या स्पेनमधील सेव्हिलच्या व्यापाऱ्यांचे हित जपण्यासाठी राजाने १५९३ मध्ये वर्षाला दोनच जहाजांची आणि मनिलाहून जाणाऱ्या २,५०,००० पेसोंच्या मालाची मर्यादा घातली. ती सर्रास मोडली जाई. मनिलाहून आकापुल्कोकडे जाणाऱ्या प्रवासाला चार ते सहा महिने लागत आणि क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने अनेक खलाशी दगावत.

मालाबरोबर पिके आणि माणसेही गेली. अमेरिकेतील रताळे सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिलिपीन्समधील लुझोन बेटाहून चीनच्या फूज्येन प्रांतात पोहोचले आणि डोंगराळ, निकृष्ट जमिनीतही वाढत असल्याने तेथील गरिबांचा आधार बनले. मेक्सिकोत स्थायिक झालेल्या फिलिपिनो खलाशांनी तेथील कोलिमा भागात माडी काढण्याची कला रुजवली. ‘चिनो’ (चिनी) या सरसकट नावाने मेक्सिकोत विकल्या गेलेल्या आशियाई गुलामांत भारतीयही होते. त्यांची मुक्तता करण्याचा आदेश १६७२ मध्ये निघाला.

रॉयल फिलिपीन कंपनी या स्पॅनिश व्यापारी कंपनीने १७८५ नंतर फिलिपीन्सचा स्पेनशी थेट व्यापार सुरू केला आणि १८१० मध्ये मेक्सिकोत स्वातंत्र्ययुद्ध पेटले. त्यामुळे मोडकळीस आलेला हा व्यापार १८१५ मध्ये थांबला. मेक्सिकन चांदीची नाणी मात्र संपूर्ण एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये चलनात राहिली.