वर फेकलेला बॉल टोकाला थांबतो, मग तिथे त्वरण शून्य? अजिबात नाही!

दहावी-अकरावीच्या मुलांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच पाहिजे. बॉल सरळ वर फेकला की टोकाला तो क्षणभर थांबतो, म्हणून तिथे त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) पण शून्य, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलंय. शून्य होतो तो फक्त वेग. त्वरण तिथेही ९.८ मीटर प्रति सेकंद² च, खालच्या दिशेने, कारण पृथ्वी बॉलला पूर्ण वेळ ओढतच असते.

समजा बॉल सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर सोडला, हवेचा अडथळा सध्या बाजूला ठेवू. १ सेकंदाने तो ४.९ मीटरवर, म्हणजे टोकाला. आता नीट बघा, ०.९ सेकंदाला वेग वरच्या बाजूला जवळपास १ आणि १.१ सेकंदाला खालच्या बाजूला जवळपास १, म्हणजे मधल्या ०.२ सेकंदात वेग साधारण २ ने बदलला, भागून बघा, १० च्या आसपास येतं, तेच आपलं ९.८! त्वरण म्हणजे वेग किती आहे ते नाही, तो किती पटापट बदलतोय ते. आणि टोकाला त्वरण खरंच शून्य होऊन बसलं असतं ना, तर वेग पण शून्यावरच राहिला असता, बॉल तिथेच लटकला असता, परत हातात आलाच नसता.