हॉटस्पॉटने डेटा दुप्पट जात नाही

फोनचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं की डेटा दुप्पट जातो, एकदा फोनचा आणि एकदा लॅपटॉपचा, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही.

हॉटस्पॉट लावल्यावर फोन मोडेम आणि राउटर, दोन्हींचं काम करतो. मोबाइल टॉवरकडून आलेली माहिती तो लॅपटॉपकडे सरकवतो. फोन आणि लॅपटॉपमधलं वायफाय हे त्या दोघांमधलं खासगी दळणवळण. कंपनीच्या हिशेबात ते येतच नाही. मोजली जाते ती फक्त टॉवर ते फोन ही वाहतूक, आणि तीही एकदाच. यूएसबी केबल लावली तरी हिशेब तोच. फायदा इतकाच की फोन चार्ज होत राहतो.

मग डेटा भराभर संपतो तो का? कारण लॅपटॉपला वाटतं, आपण घरच्या वायफायवर आहोत. तो मागच्या मागे सिस्टिम अपडेट उतरवतो, क्लाउडवर फोटो चढवतो. व्हिडिओही मोठ्या पडद्यासाठी मोठा येतो: १०८० पीच्या चित्रात ४८० पीच्या साधारण पाचपट पिक्सेल असतात. लोकांचा अनुभव खोटा नाही, दोष मात्र चुकीच्या ठिकाणी लावला जातो.

विंडोजमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. बहुतेक अपडेट थांबतात. नव्या मॅकमध्ये ‘लो डेटा मोड’ आहे. व्हिडिओचा दर्जा मात्र स्वतःच्या हातानेच कमी करा.