दुरुस्ती-कौशल्यांचे प्रात्यक्षिक शिक्षण

नादुरुस्त वस्तू स्वतः उघडून, तिच्यातील बिघाड शोधून आणि ती पुन्हा चालू करून दुरुस्तीचे कौशल्य आत्मसात करण्याच्या पद्धतीस दुरुस्ती-कौशल्यांचे प्रात्यक्षिक शिक्षण म्हणतात.

हस्तकौशल्याच्या शालेय शिक्षणात एकोणिसाव्या शतकात दोन विचारधारा पुढे आल्या. मॉस्को येथे व्हिक्टर डेला-वोस यांनी 1868 च्या सुमारास कारागिरीचे सोप्याकडून अवघडाकडे जाणारे सुटे सराव बसवले. स्वीडनमधील नेस येथे ओटो सालोमोन यांनी मात्र विद्यार्थ्याने उपयोगाची संपूर्ण वस्तू घडवावी, असा आग्रह धरला. दोहोंचा भर घडवण्यावर होता. दुरुस्तीची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे काय करायचे हे आधी ठाऊक नसते. म्हणून हत्यार चालवण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व निदानाला द्यावे लागते.

त्यासाठी शिक्षक चालू वस्तूत मुद्दाम बिघाड करून ठेवतात. उदाहरणार्थ, टेबल-दिव्याची तार प्लगजवळ आवरणाच्या आत तोडलेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. विद्यार्थी आधी बल्ब बदलून पाहतो, मग प्लग काढून व बटण चालू स्थितीत ठेवून मल्टिमीटरने जोडणी सलग आहे का ते तपासतो. तपासणी मध्यावरून सुरू केली, तर प्रत्येक चाचणीत निम्मा भाग वगळता येतो. ही युक्ती फळ्यावर समजते, पण अंगवळणी पडते ती हाताने केल्यावरच.

सोल्डरिंगचेही, म्हणजे वितळवलेल्या कथिलाने विजेचे भाग जोडण्याचेही, तसेच आहे. नवशिका कथिल सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावर वितळवून सांध्यावर थापतो आणि तो गोळा वरवर चिकटून राहतो. सांध्याचे दोन्ही भाग तापवून कथिल सांध्यालाच लावले, की ते पसरते. फसलेला सांधा उकलून पुन्हा करायला लावणे हा येथे उत्तम पाठ ठरतो.

सुरक्षिततेला तडजोड नाही. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युत्भार साठवणाऱ्या भागात, तो भार उरू शकतो. मायक्रोवेव्ह ओव्हनमधील उच्चदाबाचा कपॅसिटर तर जीवघेणा ठरू शकतो, त्यामुळे असे उपकरण नवशिक्यांना उघडू देऊ नये.

शाळेबाहेर हे शिक्षण ‘रिपेअर कॅफे’त दिसते. मार्टिन पोस्टमा या डच पत्रकार महिलेने 2009 मध्ये ॲमस्टरडॅममध्ये पहिला असा मेळावा भरवला. तेथे स्वयंसेवक वस्तू घेऊन आलेल्या माणसाला शेजारी बसवून, शक्य तेवढे काम त्याच्याच हातून करून घेतात.

मूल्यमापनात केवळ वस्तू चालू झाली का, एवढेच पाहणे अपुरे आहे, कारण कधी कधी नुसत्या हलवाहलवीनेही ती चालू होते. विद्यार्थ्याने कोणती शंका घेतली, ती कशी तपासली आणि का सोडली, याची नोंदवही पाहावी लागते. वस्तू दुरुस्त होण्यापलीकडे गेली आहे, हा सकारण निष्कर्षही त्यात पूर्ण गुणांस पात्र धरला जावा.