सॅमनवरची ऊ: दहा अवस्था की आठ?

सॅमन माशावर वाढणाऱ्या समुद्री उवेच्या जीवनचक्राची पाठ्यपुस्तकी आकृती २०१३ साली बदलावी लागली. दहा अवस्थांच्या आठ झाल्या.

नावाला ऊ, प्रत्यक्षात हा खेकडा-कोळंबीच्या गोतावळ्यातला कोपेपॉड. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ हेन्रिक क्रॉयर यांनी १८३७ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. गळ टाकणारे त्याला चांगले ओळखून होते. गोड्या पाण्यात उवा काही दिवसांत गळून पडतात, त्यामुळे उवांसकट सापडलेला सॅमन म्हणजे नुकताच समुद्रातून आलेला. माशाला तंतूने लटकलेली अशा जीवांची पिल्लं मात्र एकोणिसाव्या शतकात स्वतंत्र प्राणी समजली गेली. 'कॅलिमस' हे त्यांचं नाव पुढे अवस्थेचं नाव म्हणून टिकलं.

माशापर्यंत पोहोचते ती कोपेपोडिड ही पिल्लाची अवस्था, जेमतेम पाऊण मिलिमीटरची. तोवर ती काही खात नाही, अंड्यातल्या बलकाच्या शिदोरीवर तगते. मासा सापडला की आकड्यांसारख्या स्पर्शिका त्याच्या कातडीत रुतवते. मग कात टाकून कॅलिमस होते आणि डोक्याच्या टोकाशी तयार झालेल्या तंतूने जागच्या जागी बांधली जाते. तोंड पोहोचेल तेवढंच तिचं कुरण. तंतू सुटला की ती पूर्वप्रौढ होऊन अंगभर फिरते. चिकट स्राव, कातडी, रक्त, काहीच सोडत नाही. माशाचे खरे हाल इथून सुरू होतात.

१९७०च्या दशकापासून नॉर्वेत पिंजऱ्यांतलं सॅमनपालन फोफावलं आणि उवांना बारमाही यजमान मिळाले. अभ्यासाला जोर आला तो त्यामुळेच. १९९१ मध्ये कॅनडात जॉन्सन आणि ऑलब्राइट यांनी अवस्थांचं तपशीलवार वर्णन केलं. त्यात कॅलिमसच्या चार अवस्था होत्या. २०१३ मध्ये नॉर्वेतल्या लार्स हाम्रे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या दोनच आहेत. कॅलिमस दोन कातींच्या मधेही वाढतो, शिवाय नर-मादीच्या मापात फरक पडतो. निव्वळ लांबीवरून अवस्था ठरवायला गेलं की घोळ होणारच.

चिलीतल्या सॅमनपालकांना छळणारी ऊ कॅलिगस या भाऊबंद वंशातली. या वंशात कॅलिमसच्या खरोखरच चार अवस्था असतात, पण आधीच्या उवेतल्या दोन पूर्वप्रौढ अवस्था नसतात. म्हणजे बेरीज तिथेही आठच. नॉर्वेतल्या पिंजऱ्यांवर उवा मोजताना मात्र इतक्या खोलात कुणी शिरत नाही: चिकटलेल्या, फिरत्या आणि प्रौढ माद्या, असे तीनच रकाने भरले जातात.