अणुभट्टी, धुराडं आणि पवनचक्कीचा आवाज

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीकाठी त्स्वेन्टेनडॉर्फ इथे एक अणुवीज प्रकल्प पूर्ण बांधून उभा आहे. जवळपास 700 मेगावॅटचा. नियंत्रण कक्षातली बटणं, दिवे, तबकड्या सगळं जागच्या जागी, पण भट्टी एकदाही सुरू झाली नाही. 5 नोव्हेंबर 1978 रोजी देशभर सार्वमत झालं आणि 50.47 टक्के मतदारांनी 'नको' म्हटलं. चान्सलर ब्रुनो क्राइस्की प्रकल्पाच्या बाजूने होते आणि कौल विरोधात गेला तर आपण पायउतार होऊ, असं त्यांनी सूचित केलं होतं. त्यामुळे अणुऊर्जेशी काही वाकडं नसलेल्या काहींनी केवळ त्यांना खाली खेचायला 'नको' म्हटलं, असं मानलं जातं. (क्राइस्की पदावर राहिलेच, आणि पुढच्या वर्षीची निवडणूकही जिंकले.)

वीज तर हवीच होती. मग जवळच ड्यूर्नरोरला कोळशाचं केंद्र उभं राहिलं.

आता हिशेब पाहा. कोळशापासून 100 कोटी युनिट वीज बनवताना खाणीतले अपघात आणि हवेचं प्रदूषण मिळून सरासरी 25 च्या आसपास माणसं दगावतात, असा अंदाज आहे. अणुऊर्जेत चेर्नोबिल आणि फुकुशिमा धरूनही हा आकडा 0.03 च्या घरात येतो. मग लोक घाबरतात ते अणुभट्टीला, धुराड्याला का नाही?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी या प्रश्नावर आयुष्य घालवलं. 1987 साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकातल्या लेखात त्यांनी एक तक्ता दिला होता. त्यात 30 गोष्टी धोक्याप्रमाणे क्रमाने लावल्या होत्या. महिला मतदार संघटनेच्या सदस्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला, तज्ज्ञांनी विसावा. क्ष-किरणांबाबत नेमकं उलट: तज्ज्ञांच्या यादीत सातवे, महिलांच्या यादीत बाविसावे.

यावरून 'लोकांना कळत नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, आणि मला ते चूक वाटतं. तज्ज्ञ वर्षाला किती मृत्यू होतात ते मोजत होते. बाकीचे लोक आणखी बरंच काही तोलत होते. एका फटक्यात किती जण जातील? मला विचारून हा धोका घेतलाय का? नातवंडांनाही तो भोवेल का? किरणोत्सर्ग डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, म्हणून तो जास्त छळतो. कोळशाचा धूर पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. त्याने माणूस मेला तरी दाखल्यावर हृदयविकार किंवा फुप्फुसाचा आजार लिहिला जातो, कोळसा नव्हे.

मनात आधी आवड-नावड ठरते आणि धोक्याचा अंदाज मागून येतो, असंही दिसतं. स्लोविक आणि सहकाऱ्यांच्या 2000 सालच्या एका प्रयोगात काहींना अणुऊर्जेचे फक्त फायदे वाचायला दिले. धोक्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. तरी वाचून झाल्यावर त्यांना धोकाही कमी वाटू लागला.

पवनचक्क्यांची तऱ्हा आणखी मजेशीर. त्या बहुतेकांना तत्त्वतः आवडतात. भांडण सुरू होतं ते जागा ठरली की. मग डोकेदुखी, मळमळ, झोपमोड अशा तक्रारी येतात आणि बोट दाखवलं जातं कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीकडे, म्हणजे इन्फ्रासाउंडकडे. न्यूझीलंडमध्ये संशोधक फियोना क्रिक्टन यांनी 54 जणांना या ध्वनीच्या त्रासाचा किंवा निर्धास्त करणारा व्हिडिओ दाखवला आणि मग एकदा खरा इन्फ्रासाउंड, एकदा नुसती शांतता 'ऐकवली'. घाबरवणारा व्हिडिओ पाहिलेल्यांना शांततेतही त्रास झाला!

पण सगळंच मनाचे खेळ म्हणून झटकता येत नाही. पाती फिरताना होणारा सूं-सूं आवाज खरा असतो. नेदरलँड्समध्ये पवनचक्क्यांजवळ राहणाऱ्या 725 जणांची पाहणी झाली. त्यातल्या साधारण 14 टक्के लोकांना त्या चक्क्यांतून पैसे मिळत होते. त्यांची घरं इतरांपेक्षा जवळ होती, म्हणजे त्यांच्यापर्यंत आवाजही जास्त पोचत होता, आणि तो त्यांना ऐकूही येत होता. पण 'वैताग येतो' म्हणणारे त्यांच्यात जवळजवळ कोणी नव्हते.